बॅटरीत किती मिनिटं आहेत?

रात्री ८:०५

मंगळवार, ११ ऑक्टोबर १९८३. एअर इलिनॉय कंपनीचं ७१० क्रमांकाचं विमान शिकागोहून येऊन स्प्रिंगफील्डच्या कॅपिटल विमानतळावर उतरलं, तेव्हा ते वेळापत्रकाच्या पाऊण तास मागे होतं. पुढचा टप्पा दक्षिणेला कार्बनडेलचा, साधारण चाळीस मिनिटांचा. विमान हॉकर सिडली ७४८. आपल्याकडे याच विमानाला 'ॲव्रो' म्हणत. हिंदुस्तान एरोनॉटिक्सने ते कानपूरला परवान्यावर बांधलं आणि हवाई दलात व इंडियन एअरलाइन्समध्ये ते वर्षानुवर्षं उडलं. दोन टर्बोप्रॉप इंजिनं, प्रत्येक इंजिनावर एक जनरेटर, आणि दोन्ही जनरेटर बंद पडले तर बॅटरी.

हा घटनाक्रम मी मांडतो आहे तो मुख्यतः घरी विमान बांधणाऱ्या माणसांसाठी. अशी माणसं आपल्याकडेही आहेत. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत चारकोपला राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांनी पाहिलं. जगभर गॅरेजांमध्ये, शेडमध्ये अशी हजारो विमानं तयार होतात. पत्रा, रिव्हेट, इंजिन इथपर्यंत बांधणारा धीटपणे येतो. वायरिंगपाशी मात्र पुष्कळ जण अडखळतात, आणि 'पर्यायी वीज' हा विषय आला की बहुतेकांचा विचार एका ठरलेल्या वाटेने जातो: एक अल्टरनेटर बंद पडू शकतो, म्हणून दुसरा बसवू, दुसराही बंद पडू शकतो, म्हणून बॅटरी थोडी मोठी घेऊ. वस्तू वाढल्या की मन निर्धास्त होतं.

७१० मध्ये या सगळ्या वस्तू होत्या. शिवाय दोन प्रशिक्षित वैमानिक होते. म्हणून ही तेहतीस मिनिटं नीट पाहायला हवीत.

रात्री ८:२०

विमान उडालं. सात प्रवासी, तीन कर्मचारी. कार्बनडेलच्या वाटेवर ढगांचा तळ समुद्रसपाटीपासून २,००० फुटांवर होता, खाली पावसात एक मैल दिसत होतं, आणि इकडेतिकडे गडगडाटी पाऊस. म्हणजे बाहेर पाहून उडवण्यासारखी रात्र नव्हती. जे काही कळायचं ते उपकरणांवरूनच, आणि ती उपकरणं विजेवर चालणारी.

रात्री ८:२१

जमीन सोडून दीड मिनिटही झालं नसेल, तोच डावा जनरेटर आतून मोडला. हा बिघाड यांत्रिक होता. स्विच मागेपुढे करून तो जनरेटर परत येणार नव्हता.

इथे सह-वैमानिकाचा हात चुकीच्या बाजूला गेला. बिघाड उजव्या बाजूचा आहे असं समजून त्याने उजवा जनरेटर यंत्रणेपासून तोडला. डावा मेलेला, उजवा आपल्याच हाताने बाजूला काढलेला. आता सगळा भार बॅटरीवर.

त्या माणसाला दोष देऊन पुढे जाणं सोपं आहे, पण रेखाटनासमोर बसलेल्या विमान बांधणाऱ्याने इथेच थांबावं. उड्डाणातली ही सगळ्यात गजबजलेली वेळ. विमान चढतंय, चाकं आत घ्यायची आहेत, रेडिओवर बोलायचंय, ढग जवळ येतायत. अशा वेळी दिवे मंदावतात, दोन-तीन काटे एकदम पडतात, आणि माणसाला विचारलं जातं की बिघाड कुठल्या बाजूला आहे ते ओळख आणि मग योग्य बटण दाब. ज्या यंत्रणेत पहिली कृती करण्याआधी निदान करावं लागतं, ती यंत्रणा वैमानिकाकडून फार मोठी अपेक्षा करते आहे.

कॅन्ससचे विद्युत अभियंते बॉब नकल्स यांनी घरगुती विमानांच्या वायरिंगवर 'द एरोइलेक्ट्रिक कनेक्शन' हे पुस्तक लिहिलं. घरी विमान बांधणाऱ्यांच्या दोन पिढ्या त्यांच्या नकाशांवर वायरी ओढत आल्या आहेत. त्यांची विचाराची दिशा मला मोलाची वाटते. बिघाड कुठला आहे हे हवेत शोधत बसू नका. कुठलाही असला तरी पहिली कृती एकच ठेवा, आणि त्या कृतीनंतर विमान आरामात उतरवता येईल इतकी वीज उरेल अशी रचना जमिनीवरच करून ठेवा. दुरुस्ती नंतर, हँगरमध्ये.

याच सुमाराला ७१० ने स्प्रिंगफील्डच्या नियंत्रकाला कळवलं: विजेची किरकोळ अडचण आहे, आम्ही कार्बनडेलला पुढे जातो. नियंत्रकाने मदत हवी का विचारलं. नको, सगळं ठीक आहे, असं उत्तर गेलं.

धावपट्टी अजून मागे, अगदी जवळ होती.

रात्री ८:२४

सह-वैमानिक काटे वाचून सांगत होता: डाव्या बाजूला व्होल्ट शून्य, अँपिअर शून्य. उजवा जनरेटर साडेसत्तावीस व्होल्ट दाखवतोय, पण भार घेत नाही.

या वाक्यात तांत्रिक अर्थ भरपूर आहे. २८ व्होल्टच्या यंत्रणेत साडेसत्तावीस व्होल्ट म्हणजे उजवा जनरेटर धडधाकट आहे, फिरतोय, वीज तयार करतोय. ती वीज बसबारपर्यंत पोचत नाही, म्हणजे मधला रस्ता उघडा पडलाय. बसबार म्हणजे तांब्याची ती पट्टी, जिच्यावरून सगळ्या उपकरणांच्या वायरी निघतात. पुढच्या अर्ध्या तासात उजवा जनरेटर पुन्हा जोडण्याचे कितीतरी प्रयत्न झाले. एकही यशस्वी झाला नाही.

दुसरा स्रोत 'आहे' आणि दुसरा स्रोत 'उपकरणापर्यंत पोचतो' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घरगुती विमानांत हे अंतर फार वेळा दुर्लक्षित राहतं. दोन अल्टरनेटर बसवतात, दोन्ही एकाच मुख्य बसबारवर आणतात, एकाच मास्टर काँटॅक्टरमधून नेतात. तो काँटॅक्टर, म्हणजे बॅटरीला यंत्रणेशी जोडणारा जाडजूड रिले, खराब झाला की दोन्ही स्रोतांना एकच कुलूप लागतं. एकाच बोल्टवर सगळ्या अर्थच्या वायरी बांधलेल्या असतात; तो बोल्ट सैल झाला की दुसऱ्या बॅटरीचाही उपयोग नाही. नकाशावर बोट ठेवून प्रत्येक जोडणीवर विचारायचं: ही एक तुटली तर काय काय बंद पडतं? ज्या जोडणीवर उत्तर 'दोन्ही' येईल, तिथे काम अजून बाकी आहे.

रात्री ८:२६

बॅटरी बऱ्यापैकी वेगाने उतरतेय, असं सह-वैमानिकाने कॅप्टनला सांगितलं.

माझ्या मते सगळ्या घटनाक्रमाचं वजन या मिनिटावर आहे. उड्डाणाला सहा मिनिटं झाली होती. दोन्ही जनरेटर यंत्रणेला वीज देत नाहीत हे दोघांनाही माहीत होतं. कार्बनडेल अजून अर्ध्या तासाहून दूर होतं. अशा विमानांत बॅटरीवर साधारण अर्धा तास धरतात, तोही भार कमी केला तर. वजाबाकी लहान मुलालाही जमेल अशी होती, पण ती कॉकपिटमध्ये कोणी मोठ्याने केली नाही. विमान दक्षिणेकडे चालत राहिलं.

छोट्या प्रमाणित विमानांसाठी अमेरिकेच्या नियमांत २०१७ पर्यंत एक अट होती: वीज तयार करणारी मुख्य यंत्रणा पूर्ण बंद पडली, तर सुरक्षित उड्डाणाला आणि उतरायला आवश्यक तेवढ्या उपकरणांना बॅटरीने किमान ३० मिनिटं वीज दिली पाहिजे. त्याच नियमात पुढे म्हटलं होतं की बिघाड लक्षात यायला आणि बाकीची उपकरणं बंद करायला लागणारा वेळही या ३० मिनिटांतच धरायचा. हा उत्तरार्ध लोक विसरत. घरी बांधलेल्या विमानाला तर असा नियम लागूच होत नाही. तिथे किती मिनिटं, हे बांधणाऱ्याने स्वतः ठरवायचं असतं. ही मोकळीक मोठी आहे आणि जबाबदारीही तेवढीच.

माझं म्हणणं एवढंच आहे की मिनिटांचा आकडा आधी ठरवावा आणि बॅटरी नंतर निवडावी. आपल्या विमानाच्या टाक्यांत चार तासांचं इंधन असेल तर विजेशिवाय कुठे आणि किती वेळात उतरणार? दाट वस्तीच्या प्रदेशात, दिवसा, स्वच्छ हवेत अर्ध्या तासात धावपट्टी सापडेल. रात्री, ढगांवरून, डोंगराळ भागात दोन तासही लागतील. ज्याचं जसं उडणं, तसा त्याचा आकडा.

रात्री ८:२८

३,००० फुटांवर उडणाऱ्या ७१० ने कॅन्सस सिटीच्या हवाई वाहतूक नियंत्रण केंद्राकडे एक वेगळी विनंती केली: आम्हाला २,००० फुटांवर उतरायचंय, बाहेर पाहून उडवावं लागलं तरी चालेल. आमच्यावर लक्ष ठेवता आलं तर ठेवा, असंही कॅप्टन म्हणाला. नियंत्रक म्हणाला, तेवढ्या खाली तुम्ही माझ्या रडारवर दिसणार नाही; परवानगी देता येत नाही. विजेचा खरा प्रकार तेव्हाही रेडिओवर स्पष्ट बोलला गेला नाही.

रात्री ८:३१

बॅटरी बावीस व्होल्टवर.

हा आकडा ऐकून मनाला बरं वाटू शकतं. चोवीस व्होल्टची बॅटरी, बावीस शिल्लक. म्हणजे फार काही गेलं नाही. आणि हाच फसवा भाग. व्होल्ट पाहून बॅटरीत किती वीज उरली हे कळत नाही. भार चालू असताना बॅटरीचा व्होल्ट बराच काळ थोडाथोडा उतरतो आणि शेवटी एकदम कोसळतो. पुढचे आकडे लक्षात ठेवा, थोड्याच वेळात ते येतील.

घरगुती विमानात बहुधा १२ व्होल्टची यंत्रणा असते. अल्टरनेटर चालू असताना बसबारवर चौदा-सव्वाचौदा व्होल्ट दिसतात. अल्टरनेटर गेला की काही मिनिटांत तो साडेबाराच्या आसपास येतो. त्यामुळे व्होल्टमीटरचा खरा उपयोग एकच: १३ च्या खाली आकडा आला म्हणजे अल्टरनेटर काम करत नाही, हे त्याच क्षणी सांगणं. त्यासाठी डोळ्यांसमोर लुकलुकणारा लाल दिवा हवा. काट्यावर वैमानिकाची नजर जाईल तेव्हा जाईल. मधली दहा मिनिटं बॅटरीने फुकट खर्च केलेली असतात, आणि ती परत मिळत नाहीत.

उरलेली वीज कळण्याची वाट हिशोबातून जाते, अँपिअर आणि तासांच्या. घरगुती विमानांत १६-१७ अँपिअर-तासांच्या सीलबंद लेड-ॲसिड बॅटऱ्या पुष्कळ वापरतात. पण हा छापील आकडा वीस तासांत सावकाश रिकामी केलेल्या बॅटरीचा. भार जास्त असेल तर त्याच बॅटरीतून कमी वीज मिळते, थंडीत आणखी कमी, आणि दोन-तीन वर्षांत बॅटरी म्हातारी होते ते वेगळंच. म्हणून हिशोबाला १२ अँपिअर-तास धरू. सगळं चालू ठेवलं आणि भार २० अँपिअर असला तर ३६ मिनिटं. तोच भार ४ अँपिअरवर आणला तर तीन तास. बॅटरी तीच, वजन तेवढंच, खर्चही तेवढाच. फरक पडला तो काय चालू ठेवलं यावरून.

रात्री ८:३३

हवाई सेविका पुढे कॉकपिटमध्ये आली. मागे फक्त लहान आणीबाणीचे दिवे लागलेले होते, आणि काय झालंय असं प्रवासी विचारत होते. कॅप्टनने सांगितलं की विजेची थोडी अडचण आहे, जास्तीचे दिवे बंद करावे लागले, पण आपण कार्बनडेलला जातोय. पोचायची वेळ नऊच्या सुमाराची.

म्हणजे भार कमी करण्याचा प्रयत्न झाला होता. तो कितपत पुरेसा होता, हा वेगळा प्रश्न.

आपल्या घरी इन्व्हर्टर बसवताना इलेक्ट्रिशियन पहिल्याच दिवशी वेगळी लाइन ओढतो: दोन पंखे, तीन दिवे, वाय-फाय यांना इन्व्हर्टर, फ्रिज, गीझर, इस्त्री यांना नाही. लोडशेडिंग सुरू झाल्यावर कोणी घरभर फिरून गीझर बंद करत नाही, कारण तो त्या लाइनवर नसतोच. विमानात हेच काम नकल्स यांनी सुचवलेला 'एन्ड्युरन्स बस' करतो. मुख्य बसबारपासून वेगळी अशी एक छोटी पट्टी. तिच्यावर फक्त टिकून राहायला लागणारी उपकरणं: एक रेडिओ, एक दिशादर्शक, ट्रान्सपाँडर, उपकरणांवरचा मंद दिवा, आणि क्षितिज दाखवणारा पडदा. नेहमी तिला मुख्य बसबारवरून एका डायोडमधून वीज मिळते. शिवाय बॅटरीपासून थेट आलेली दुसरी वायर, तिच्यावर एक स्विच.

अल्टरनेटर गेल्याचा लाल दिवा लागला की हा स्विच चालू करायचा आणि मास्टर बंद. झालं. पिटॉट नळीचा हीटर, उतरण्याचे मोठे दिवे, दुसरा रेडिओ, सगळं एका फटक्यात बंद. डायोडमुळे वीज उलटी मुख्य बसबारकडे जात नाही. आणि एक फायदा सहसा लक्षात येत नाही: मास्टर काँटॅक्टरची कॉइल स्वतः जवळजवळ एक अँपिअर खाते. चार अँपिअरच्या हिशोबात तो एक अँपिअर फार मोठा. मास्टर बंद केला की तोही वाचतो. धावपट्टी समोर दिसली की हवं तर मास्टर पुन्हा चालू करायचा आणि उरलेली वीज दिव्यांना, फ्लॅप्सना वापरायची.

या कामाला लागतो एक डायोड, एक स्विच, थोडी वायर, दोन-चार फ्यूज.

रात्री ८:३८

सतरा मिनिटांनंतर सह-वैमानिकाने कॅप्टनला सांगितलं की डावा जात होता तेव्हा बिघाड उजवीकडचा आहे असं समजून त्यानेच उजवी बाजू वेगळी केली होती, पण तरीही दोन्ही गेले.

उजवा जनरेटर भार का घेत नाही, याचं उत्तर इतका वेळ कॉकपिटमधल्या कुठल्याही दिव्याने किंवा काट्याने दोघांना नेमकेपणाने दिलं नव्हतं, हे मला अस्वस्थ करतं. बांधणाऱ्याने याचा अर्थ असा घ्यावा की प्रत्येक स्विचची जागा, आकार आणि स्थिती अंधारात हाताला कळली पाहिजे. एकसारखे सहा स्विच एका ओळीत लावून खाली बारीक अक्षरात नावं चिकटवलेलं पॅनेल हँगरमध्ये देखणं दिसतं. रात्री ढगात ते वाचायचं कोणी?

रात्री ८:४५

कॅप्टनने विचारलं, सह-वैमानिकाने वाचलं: वीस व्होल्ट. गेल्या चौदा मिनिटांत फक्त दोन व्होल्ट उतरले होते.

रात्री ८:४९

केंद्राने रेडिओची लहर बदलायला सांगितली. ७१० ने होकार दिला. हा त्यांच्याकडून आलेला शेवटचा संदेश.

रात्री ८:५१

रडारवरची खूण गेली. इथून बाहेर पडण्याइतकी वीज आपल्याकडे आहे की नाही कोणास ठाऊक, असं सह-वैमानिक कॅप्टनला म्हणाला.

इंजिनांचा इथे प्रश्न नव्हता. टर्बाइन एकदा पेटलं की त्याला ठिणगी लागत नाही. आजच्या घरगुती विमानाची गोष्ट मात्र वेगळी होत चालली आहे, आणि हा बदल गेल्या वीस-पंचवीस वर्षांत झपाट्याने झाला. जुन्या लायकमिंग इंजिनावर दोन मॅग्नेटो असत. विमानातली सगळी वीज गेली तरी ते आपापली ठिणगी देत राहत. वीज जाणं म्हणजे तेव्हा रेडिओ आणि दिवे जाणं. आता बांधणारे हौसेने इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवतात, संगणकाने चालणारं इंधन इंजेक्शन बसवतात, विजेचे इंधनपंप बसवतात. इंधन वाचतं, इंजिन गुळगुळीत चालतं, हे खरंच. पण अशा विमानात बॅटरी संपली की इंजिनही थांबतं. रोटॅक्सने आपल्या ९१२ आयएस इंजिनात म्हणूनच आतच दोन जनरेटर दिले. नेहमीच्या चालण्यात एक इंजिनाच्या स्वतःच्या गरजेला, दुसरा बाकी विमानाला. ज्याने लायकमिंगवर बाजारातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा चढवली आहे, त्याला हे विभाजन स्वतः करावं लागतं. इग्निशन आणि पंप यांना बॅटरीपासून थेट, मास्टरला वळसा घालून वायर गेली पाहिजे, आणि दोन इग्निशन असतील तर दोघांना एकच फ्यूज नको.

जिथे व्हॅक्यूम पंप काढून टाकलाय, तिथे त्या रिकाम्या जागेवर एक छोटा, कायम चुंबकाचा डायनॅमो बसतो. बी अँड सी कंपनीचा असा ८ अँपिअरचा डायनॅमो बरेच जण लावतात. आठ अँपिअर ऐकायला किरकोळ. पण एन्ड्युरन्स बसचा भार चार-पाच अँपिअरवर ठेवला असेल, तर मुख्य अल्टरनेटर गेल्यावर हा छोटा डायनॅमो टाकी रिकामी होईपर्यंत तो भार उचलतो आणि बॅटरी उतरण्यासाठी भरलेली राहते. तेव्हा आधी भार कमी करण्याची शिस्त, मग छोटा दुसरा स्रोत. हा क्रम उलटा केला तर दुसरा साठ अँपिअरचा अल्टरनेटर, त्याचं वजन आणि त्याचे बिघाड गळ्यात पडतात.

रात्री ८:५२ ते ८:५४

कॅप्टनने सांगितलं, माझ्या उंचीवर लक्ष ठेव, मी चोवीसशे फुटांवर उतरतोय. टॉर्च आहे का, हाताशी ठेव.

मग सह-वैमानिकाने सांगितलं की सगळंच जातंय, तेरा व्होल्टवर आलं. आठ मिनिटांत सात व्होल्ट. आधीच्या चौदा मिनिटांत दोन.

शेवटच्या क्षणांत कॅप्टन विचारत होता, तुझ्याकडे काही उपकरणं चालू आहेत का, क्षितिज दिसतंय का. ढगात, अंधारात, पावसात विमान सरळ आहे की कललंय हे माणसाच्या शरीराला कळत नाही. कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय अशा वेळी चुकीची बातमी देतं आणि ती अगदी खरी वाटते. त्या एका उपकरणाशिवाय अनुभवी वैमानिकाच्याही हातून विमान लवकरच सुटतं. बाकी सगळं बंद पडलं तरी क्षितिजदर्शक चालू राहायला हवा, आणि तो कशावर चालतो हे पहिल्या रेखाटनात ठरायला हवं. आजच्या बऱ्याच डिजिटल पडद्यांना स्वतःची छोटी बॅटरी जोडता येते. ढगातून उडण्याचा विचार असेल तर ती घ्यावीच.

कार्बनडेलच्या विमानतळापासून साधारण २२ सागरी मैलांवर, पिंकनीविल गावाजवळच्या शेतांत विमान कोसळलं. दहाही जण गेले.

नंतर

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने संभाव्य कारण नोंदवलं ते असं: दोन्ही जनरेटरची वीज गेल्यावर जवळच्या, नुकत्याच सोडलेल्या विमानतळावर परतण्याऐवजी दूरच्या मुक्कामाकडे जात राहण्याचा कॅप्टनचा निर्णय. त्याने स्वतःवरच घेतलेल्या मानसिक दबावामुळे बॅटरी किती टिकेल याचा अंदाज त्याला नीट घेता आला नाही, असंही मंडळाने म्हटलं. कंपनीने वैमानिकांना वेळोवेळी पुरेसं प्रशिक्षण दिलं नाही आणि सरकारी यंत्रणेने ते दिलं जातंय याची खात्री केली नाही, याचाही हातभार मंडळाने नोंदवला.

या सगळ्यात बॅटरी बिघडली नव्हती. जनरेटर गेल्यापासून जवळपास बत्तीस मिनिटं ती यंत्रणा ओढत होती, म्हणजे तिच्याकडून जेवढं मागायला हवं तेवढं तिने दिलं. उड्डाण चाळीस मिनिटांचं होतं. पर्यायी यंत्रणा ठरल्याप्रमाणे चालूनही दहा माणसं मरू शकतात, ही गोष्ट मला या अपघातातली सगळ्यात भयंकर वाटते. 'बॅकअप आहे' या दोन शब्दांवर समाधान मानणाऱ्या प्रत्येक बांधणाऱ्याने ही बत्तीस मिनिटं डोळ्यांसमोर ठेवावीत.

मिनिटांचा आकडा कागदावरून मिळत नाही, तो मोजावा लागतो. विमान पूर्ण झाल्यावर, पहिल्या उड्डाणाआधी, हँगरमध्ये बॅटरी पूर्ण चार्ज करायची. एन्ड्युरन्स बसचा स्विच चालू, मास्टर बंद. त्या बसवरची सगळी उपकरणं सुरू ठेवायची, मधूनमधून रेडिओचं बटण दाबून बोलायचं, कारण बोलताना रेडिओ ऐकण्याच्या कितीतरी पट वीज घेतो. समोर घड्याळ ठेवायचं आणि बॅटरी ११ व्होल्टवर येईपर्यंत बसून राहायचं. दोन तास लागतील, तीन लागतील, बसायचं. मिळालेला आकडा एका पट्टीवर लिहून व्होल्टमीटरशेजारी चिकटवायचा. लिहिताना त्यातली एक चतुर्थांश मिनिटं कापायची, म्हणजे १६० मिनिटं मिळाली तर पट्टीवर १२०. लाल दिवा लागल्यावर वैमानिकाने एन्ड्युरन्स बसकडे वळायचं आणि घड्याळावरची वेळ लिहून घ्यायची, मग पट्टीवरच्या मिनिटांच्या आत जी धावपट्टी येते ती त्याची धावपट्टी, मुक्काम कुठलाही ठरलेला असो.

हीच चाचणी दरवर्षी, वार्षिक तपासणीच्या वेळी. पहिल्या मोजणीच्या ८० टक्क्यांखाली आकडा आला की बॅटरी बदलायची. काढलेली बॅटरी हँगरमध्ये टॉर्च, पंखा, रेडिओ चालवायला अजून दोन-तीन वर्षं कामाला येते.